निलगिरीच्या वासाची मिरची

व्यापाऱ्यानं ढिगातली सुकी मिरची उचलली, मधोमध मोडली आणि नाकाशी नेली. भिवापूरच्या बाजारात मिरचीची परीक्षा अशीच व्हायची. त्याचं तोंड वाकडं झालं.

"काहून वं बाई, मिरचीले सर्दी झालती का?"

आजूबाजूचे हसले. ढिगामागे बसलेल्या शांताबाई हसल्या नाहीत. मला मान वर करवेना, कारण तो वास माझ्या प्रयोगाचा होता.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला सरकारी कीटकशास्त्रज्ञ होतो. मिरचीवर फुलकिडे पडतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. ते रस शोषतात आणि पानं आकसतात. शेतकरी त्याला चुरडामुरडा म्हणतात. त्यावर विषारी औषधांचा मारा जोरात चालू होता. शांताबाईंचे यजमान नामदेवराव फवारणी करताना चक्कर येऊन बांधावर बसायचे.

"त्याईच्या हातातलं थे जहर सुटलं पाह्यजे, साहेब," असं म्हणून बाईंनी अख्खं वावर प्रयोगाला दिलं.

निलगिरीचं तेल साबणाच्या पाण्यात घुसळून फवारलं. किडे पळाले. पण उन्हात तेल उडून जाई आणि पाहुणे परत हजर! आमचे साहेब म्हणाले, "जवसाचं तेल मिसळा, चिकटून राहील."

"मिरचीला वास राहिला तर?"

"गावंडे, आपलं खातं किडीचं. वासाचं नाही."

जवसाचं तेल वाळलं की पापुद्रा धरतं. निलगिरी टिकली, पानं सरळ झाली. नामदेवरावांनी स्वतः फवारलं, एकदाही चक्कर आली नाही. बाई किती खूश होत्या! वासाची मात्र शेतात आम्हा सगळ्यांनाच सवय होऊन गेली होती.

बाजारात ढीग तसाच पडून राहिला. वास न धरणारं मिश्रण शोधायला मी साहेबांकडे आणखी एक हंगाम मागितला.

"कीड गेली ना? प्रयोग यशस्वी. आता कापसाकडे बघा."

पुढच्या वर्षी त्या वाटेनं गेलो. नामदेवरावांच्या पाठीवर पंप होता, तोंडाला फडकं. विषाचा उग्र दर्प रस्त्यापर्यंत येत होता. शांताबाई पाण्याचा गडवा घेऊन बांधावर उभ्या.

"तुमचं औषद चांगलं होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "पन मिरची खपली पाह्यजे ना."

तेवढ्यात ओळीच्या टोकाला येऊन नामदेवराव मटकन खाली बसले. त्या धावल्या.

किडीला काय आवडत नाही, हे आम्ही बारकाईनं तपासलं होतं. मिरची खाणाऱ्याला विचारणं कुणाच्याच खात्यात बसत नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.