टेस्टचं सिम

माझा हात लवकर उठतो. पूर्वी हे मी मिशीला पीळ देऊन सांगायचो, आता नुसतं सांगतो. बजाजनगरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. इतक्या वर्षांत काउंटरवरून हात घालून मी चार-पाच गिऱ्हाईकांच्या तरी गचांड्या धरल्यात. एक जण पाण्यात बुडवलेला फोन घेऊन आला आणि मलाच म्हणायला लागला, तुमच्याकडंच भिजला. त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की गडी फोन तिथंच टाकून पळाला. बाजूचा चहावाला म्हणायचा, "शेठ, तुमच्याकडं फोनपेक्षा माणसंच जास्त दुरुस्त होतात." मी हसायचो. मला ते ऐकायला लई बरं वाटायचं.

घरीही हाच कारभार. घर गारखेड्याला, शेजारच्यांची अन् आमची भिंत एकच. बायकोवर हात उचललाय, खोटं कशाला बोलू? उगाच मारणाऱ्यांतला मी नाय, ती उलटून बोलली तरच, अशी मी माझी समजूत घालायचो. एकदा तिचा ओठ फाटला, दोन टाके पडले. बाथरूममध्ये पाय घसरला, असं डॉक्टरला तिनंच सांगितलं. मी बाजूला उभा राहून मान हलवली. शेजारचे लोक तर त्याहून तापदायक. संध्याकाळी कधीही त्यांचा टीव्ही एकदम एवढा मोठा व्हायचा की टाळकं उठायचं. मी भिंतीवर बुक्क्या मारून ओरडायचो, "बहिरे झालात का रे सगळे?" त्या टीव्हीची मला भयंकर चीड होती.

तर गेल्या उन्हाळ्यात एक माणूस दुकानात आला. पस्तिशीचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि दोन पावलं मागं त्याची बायको. पिशवीतून त्यानं एक भारी फोन काढला. बायकोचा भाऊ अमेरिकेत, त्यानं बहिणीसाठी पाठवलेला. पण तिकडचे बरेच फोन तिकडच्या कंपनीला बांधलेले असतात. आपलं सिम टाकलं की फोन कोड मागतो. कोड मोजक्या वेळाच टाकता येतो. तेवढ्यात बरोबर आला नाय, तर त्या फोनवर आपलं सिम जन्मात चालत नाय. मी सिम टाकून बघितलं तर दोनच वेळा शिल्लक होत्या.

"बाकीच्या कुणी घालवल्या?" मी विचारलं.

"हिनं. मोबाईलमधलं काहीबाही बघून आकडे दाबत बसली."

"मी हात पण लावला नाय त्याला," ती हळूच म्हणाली.

त्यानं वळून तिच्या मुस्काटात दिली. एवढ्या जोरात की तिच्या केसातली क्लिप उडून माझ्या टेबलावर पडली. मी ओरडलो, "ए! माझ्या दुकानात हे धंदे नाय चालायचे! काय करायचं ते पायरीखाली जाऊन कर!"

त्यानं ऐकलं. तिला दंडाला धरून पायरीखाली नेलं आणि तिथं तिच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या. मग वर येऊन, "सॉरी शेठ," म्हणून रजिस्टरमध्ये पत्ता लिहून दिला. मी क्लिप त्याच्याच हातात दिली. कसं गुमान ऐकलं बघ, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो होतो.

कोड यायला सहा दिवस लागले. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर पाठवून तो तिकडून मागवावा लागतो. तो आल्यावर दुसऱ्या कंपनीचं चालू सिम फोनमध्ये घालावंच लागतं, त्याशिवाय फोन कोड विचारतच नाय. त्यासाठी मी एक सिम छोट्या डबीत वेगळं ठेवलेलं. कोड लागला की त्याच सिमवरून काउंटरवरच्या माझ्या जुन्या बटनाच्या फोनला रिंग मारायची. माझ्या फोनवर 'टेस्ट' असं नाव आलं की काम फत्ते, मग सिम काढून परत डबीत. इतक्या वर्षांत ते डबीत परत गेलं नाय असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी नवरा-बायको पाचच्या सुमाराला आले. नवरा माझ्या खांद्यावर वाकून आकडे बघायला लागला. त्याच्या नादात मी एक आकडा चुकवला. झालं, आता एकच वेळ उरली. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं. मी नवऱ्याला मागं ढकललं, कागद पुढ्यात घेतला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचत दाबला. फोन उघडला. रिंग मारली, बटनाचा फोन काउंटरवर थरथरायला लागला. आणि ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

त्यानंही बघितलं.

"लई दात निघायलेत," तो म्हणाला. "आता भावाला गाऱ्हाणं सांगणार व्हय?" आणि तिचा अंबाडा धरून त्यानं तिचं डोकं माझ्या काउंटरवर आपटलं. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

मी काउंटरवरून उडी मारली. खरं सांगतो, मी काचेसाठी उडी मारली. त्याला धरला आणि दोन्ही हातांनी बडवला. कानफटात, नाकावर, जिथं लागेल तिथं. त्याच्या नाकातून रक्त आलं तेव्हा कुठं माझं समाधान झालं. पायरीवरून त्याला खाली लोटलं, फोन तिच्या पिशवीत कोंबला आणि ओरडलो, "चालते व्हा! परत तोंड दाखवू नका!" तीही मुकाट्यानं त्याच्या मागं गेली. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. मी काचेवर चिकटपट्टी लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला बटनाचा फोन वाजला. नाव आलं, 'टेस्ट'.

डबी उघडून बघितली तर रिकामी. माझं टाळकं फिरलं. कुणीतरी सिम चोरलं, असंच मला वाटलं.

"कोण हाय रे तिकडं? तंगडं मोडून हातात देईन!"

"भाऊ," एक बाई अगदी हळू बोलली. "मी कालची. तुमचं सिम यातच राहिलंय."

"मग आणून द्या की."

"भाऊ, हा कामावरून आलाय. मी आतल्या खोलीत कडी लावून बसलेय. आज मला सोडणार नाय म्हणतोय. माझा आधीचा फोन यानं फोडला, सगळे नंबर त्यात होते. आईचा पण मला पाठ नाय. यात एवढा एकच नंबर सापडला. भाऊ, चितेगावला माझ्या आईला..."

पुढं दार धडकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लाकूड मोडल्याचा आवाज आला. फोन कुठंतरी पडला असावा, पण चालू राहिला. मला सगळं ऐकू येत होतं. एखादा स्टीलचा डबा पडून गोल गोल फिरत राहिला. पट्ट्याचा आवाज. त्याच्या शिव्या. ती ओरडत नव्हती. तोंड दाबून, दम कोंडून, नुसतं हुं, हुं करत होती. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कुठं ऐकलाय ते त्या घटकेला मी आठवू दिलं नाय.

पोलिसांना का नाय लावला फोन, असं मला पुढं पन्नास जणांनी विचारलं. सुचलंच नाय. शटर ओढायची लोखंडी आकडी उचलली, रजिस्टरचं पान फाडलं, गाडीला किक मारली. पाच मिनिटांचा रस्ता होता.

एका ओळीत दोन-दोन खोल्यांची दहा घरं. उन्हाचं सगळ्यांनी दारं लोटून घेतलेली. तिच्या घरातून आपटाआपटी ऐकू येत होती, आणि मी गाडी लावत असतानाच शेजारच्या घरातला टीव्ही मोठा झाला. मग पलीकडच्याही. खिडकीत एक म्हातारी उभी होती. माझ्याकडं बघून तिनं पडदा ओढून घेतला.

मी लाथ घालून बाहेरचं दार उघडलं. आतल्या खोलीत ती पलंग अन् भिंतीच्या मधे सापडली होती. डोकं फुटून रक्त भुवईवरून गळ्यात उतरलेलं, एक डोळा मिटलेला. त्यानं पट्टा हाताला गुंडाळून बक्कल मोकळं सोडलं होतं. तो वळला आणि ते बक्कल माझ्या तोंडावर बसलं, खालचा ओठ फाटला. मग मी आकडी चालवली. पहिला घाव त्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. दुसरा गुडघ्यावर, तिसरा खांद्यावर. तो खाली पडला तरी मी थांबलो नाय. लाथांनी तुडवला. मला मजा येत होती. हे सांगायला नको वाटतं, पण येत होती.

"बस करा," ती म्हणाली. मला ऐकू आलं, तरी मी अजून दोन घातल्या.

तो फरशीवर आडवा, तोंडात रक्त, आणि त्याही अवस्थेत माझ्याकडं बघून म्हणाला, "तूच म्हणला होतास ना शेठ? पायरीखाली जाऊन कर म्हणून? माझं घर तर लई लांब आहे तुझ्या पायरीपासून."

मी आकडी परत उचलली. पण हात वर जाईना. मी ती फरशीवर टाकली.

पोलीस आले. त्या म्हातारीनंच शेवटी फोन केला होता म्हणे. त्याला दवाखान्यात नेलं, आम्हाला दोघांना चौकीत. वाटेत दवाखान्यात थांबून तिच्या डोक्याला पाच टाके घातले. रजिस्टरचं पान माझ्या खिशात होतं, पण त्यावर चितेगावचा नंबर थोडाच असणार? शेवटी चितेगावच्या पोलीसपाटलाला गाठून तिच्या आईला निरोप गेला. आई काळीपिवळी जीपनं आली. लेकीकडं बघून ती रडली नाय, नुसता स्वतःचा पदर सोडून तिच्या डोक्यावर टाकला. जाताना लेक माझ्यापाशी थांबली. फोन पुढं करून म्हणाली, "भाऊ, तुमचं सिम."

"राहू द्या," मी म्हणलं. "मी दुसरं घेतो."

मला जबाब घेऊन त्याच संध्याकाळी सोडलं, पण माझ्यावरही केस झाली, तारखा अजून चालू आहेत. तिचं म्हणाल तर ती परत नांदायला गेली नाय. चितेगावातच एका कंपनीत पॅकिंगला लागली. नवीन महिना लागला की 'टेस्ट'वरून एक मिसकॉल येतो. बरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी उलटा फोन करत नाय.

पण त्या दिवशी साडेसातला मी घरी पोचलो तेव्हा माझी छाती फुगलेली होती. शर्ट फाटलेला, ओठ सुजून हा एवढा. बायको घाबरली. "अगं बाई, काय झालं हे?" म्हणत तिनं मला खुर्चीत बसवलं, कापसानं ओठ पुसला, फडक्यात बर्फ बांधून लावायला बसली. मी सुरू झालो. कसा फोन आला, कशी ती कडी लावून बसली होती, कसा मी दार तोडून आत घुसलो. तो पायरीचा विषय मी गाळला. "असा हाणला त्याला, असा!" मी उठून हातवारे करून दाखवायला लागलो. आवाज चढला. "बाईमाणसावर हात उचलतो? हाडं नरम केली भडव्याची!"

आणि भिंतीपलीकडं टीव्ही मोठा झाला.

मी हात वर केलेला तसाच उभा राहिलो. बायकोनं भिंतीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. ती एक पाऊल मागं सरकली होती. मी तिच्याशी नुसतं बोलत होतो, तिला मारत नव्हतो, तरी ती मागं सरकली होती. सवयीनं. तिच्या ओठावर त्या दोन टाक्यांची पांढरी रेघ होती, बरोबर जिथं आज माझा ओठ फाटला होता तिथंच. आणि दुपारचा तो हुं, हुं आवाज मी कुठं ऐकला होता तेही मला आठवलं. याच खोलीत.

मी खाली बसलो. मला रडायला येत होतं आणि लाज वाटत होती. तिनं फडक्यातला बर्फ बदलला, परत माझ्या ओठावर धरला आणि विचारलं,

"तिच्याकडं तुमचा नंबर होता. मी कुणाला लावायचा होता?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं.

टीव्ही तसाच मोठा चालू होता. मी भिंतीवर बुक्की मारली नाय.