भाड्याच्या कुंड्या

कुंडीवाल्या काकू समारंभांना शोभेच्या कुंड्या भाड्याने द्यायच्या. एका बड्या कंपनीचं मुख्यालय मिळवण्यासाठी त्यांचं शहर आणि चार तासांवरचं दुसरं शहर इरेला पेटली. कंपनीची माणसं पाहणीला येणार म्हणून दोन्हीकडचे रस्ते सजवायचं काम काकूंनाच मिळालं. पण जावई त्याच कंपनीत. मुख्यालय जिथे, तिथे लेकीचा संसार.

“तिकडे मरतुकड्या कुंड्या पाठव,” नवरा म्हणाला. “लेक इथे येईल.”

काकूंनी तशा काढल्याही. टेम्पोत चढवताना मात्र त्यांना राहवेना. सगळ्या उतरवून त्यांनी टवटवीत चढवल्या.

मुख्यालय तिकडेच गेलं.

“घालवलीस लेक!” नवरा करवादला.

“मग काय, नाव घालवू?” काकू फणकारल्या, पण घास काही गोड लागेना.

ऑफिस सुरू झालं तसा लेकीचा फोन आला. “आई, इथल्या साहेबांना तुझ्याच कुंड्या हव्यात, कायमच्या. दर सोमवारी बदलायला माणूस पाठवशील?”

“माणूस कशाला? मीच येते. जेवायला तुझ्याकडे.”

फोन ठेवून काकू बाहेर आल्या, तर नवरा टेम्पोत पुढची जागा धरून बसलेला.

“उतरा,” काकू म्हणाल्या. “आधी कुंड्या चढवा.”