शरणम्माची संमती

नीलम्माबाईंच्या वर्गात कुणी खोटं बोललं, तर त्या छडी उगारत नसत. गळ्यातलं लिंग मुठीत धरायला लावत आणि म्हणत, "आता बोल." वर्गात निम्मी पोरं लिंगायतांची, मूठ आवळली की खरं बाहेर पडायचं. रेणापूरजवळच्या त्या शाळेत मी त्यांच्यासोबत मास्तर होतो आणि मला ही पद्धत फार आवडायची.

बहात्तरच्या दुष्काळात शहरातून संशोधक आले. दुष्काळाचा शिक्षणावर काय परिणाम झाला ते शोधायला म्हणे! पोरं सुकडीच्या खाऊसाठी शाळेत येत होती, यात शोधायचं काय होतं? त्यांच्याकडे वरच्या कचेरीचं परवानगीपत्र होतं. आईबापांना विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"घरी कोण काय काम करतं?" या प्रश्नाला चौथीतली शरणम्मा गप्प राहिली. बाई सवयीनं म्हणाल्या, "लिंग हातात घे आन् खरं सांग. नाव कुठंच येणार न्हाई." पोरीनं सांगून टाकलं. माहेरी जाते म्हणून निघालेली तिची आई अहमदपूरकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तेही दुसऱ्याच नावानं.

तिचा बाप संगप्पा गावातला एकुलता एक वाणी. दुकानात उंदरांनाही काही उरलं नव्हतं, पण घरची बाई खडी फोडते हे त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. अहवाल छापून आला. नाव खरंच नव्हतं. 'गावातील एकमेव किराणा दुकानदाराची चौथीतील मुलगी' एवढंच होतं. या शहाण्यांना वाटतं, नाव झाकलं की माणूस झाकला. शाळेला आलेली प्रत सरपंचांनी चावडीवर कौतुकानं वाचून दाखवली.

संगप्पानं बायकोला परत घरात घेतलं नाही. ती कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. शरणम्मा त्यानंतर एकदाच शाळेत आली. गळ्यातलं लिंग काढून तिनं बाईंच्या टेबलावर ठेवलं. "तुमीच ठिवा, बाई. ह्येनं मला बोलायला लावलं." बाई ते घेऊन तिच्या मागोमाग घरी गेल्या. दार उघडलं नाही.

मग बाई हजेरी घेताना मधेच थांबायला लागल्या. पोरीचं नाव केव्हाच कमी झालेलं, तरी थांबायच्या आणि दाराकडं बघायच्या. मला भीती वाटायची. पुढं पुढं मीही त्या दाराकडं बघायला लागलो.

दुष्काळानंतर दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला, शिक्षणाची नवी कचेरी बसली आणि दोनेक वर्षांत पुन्हा पाहणीचं पत्र आलं. बाई तडक लातूरला गेल्या आणि शरणम्माची हकीकत सांगितली. अधिकारी अमृतराव भला माणूस होता. "नियम करू, बाई. आईबापाच्या संमतीशिवाय पोरांना कुणी विचारायचं नाही. पण वर पाठवायला घडलेलं उदाहरण लागतं. अर्ज लिहा आणि त्या मुलीची सही आणा."

शरणम्मा लग्न होऊन लोह्याला नांदत होती. आम्ही दोघं गेलो. तिनं ओळखलं, बाईंच्या पाया पडली, चहा टाकला. आईचा विषय निघाला नाही. तिची चारेक वर्षांची लेक उंबऱ्याशी खेळत होती. बाईंनी मायेनं विचारलं, "नाव काय गं तुझं?"

पोरीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"तिला तसंच शिकवलंय, बाई," शरणम्मा म्हणाली. "कुनी बी इचारलं तरी सांगायचं न्हाई."

बाईंनी पिशवीतला अर्ज बाहेर काढलाच नाही. नियम राहूनच गेला. पाहणीवाले शिक्क्याचं पत्र घेऊन आले, त्या सकाळी बाई वर्गापुढं उभ्या राहिल्या. "काय बी इचारू द्या," त्या म्हणाल्या, "सगळ्याला म्हाईत न्हाई म्हणा." पोरं शहाणी, तसंच म्हणाली. नव्या जिल्ह्यात आमची शाळा सगळ्यात ढ ठरली आणि बाईंनी त्या शेऱ्याखाली मुकाट्यानं सही केली.