बबननानांनी काढलेला सेल

बबननाना कुठलीही बंद पडलेली वस्तू उघडण्याआधी तिचा वास घेत. रेडिओ असो, मंडळाचा अँप्लिफायर असो की कुणाचा मिक्सर, दोन्ही हातांनी उचलून जाळीला नाक लावत, डोळे मिटत आणि सांगत, "ट्रान्सफॉर्मर जळालाय." किंवा, "कंडेन्सर फुटलाय, सडक्या मासळीवानी वास मारतोय." गिऱ्हाईक हसे. मग नाना झाकण काढून आतली काळी पडलेली जागा दाखवत आणि गिऱ्हाईक हसायचं थांबे.

काळेवाडीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर 'दुरुस्ती' एवढा एकच शब्द. नाना इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. भाऊ प्लॉटिंगमध्ये उतरले, गाड्या घेऊन फिरू लागले. नाना मात्र पिंपरीतल्या एका रेडिओ बनवणाऱ्या कंपनीत चिकटले आणि ती बंद पडल्यावर हे दुकान टाकून बसले. भावांबद्दल विचारलं की म्हणत, "त्यांनी जमीन इकली, म्या अजून जोडतोच हाय."

मला त्यांच्याकडे पहिल्यांदा नेलं ते निलेशदादानं, माझ्या थोरल्या भावानं. तो चाकणला एका कंपनीत कामाला होता आणि उरलेला सगळा वेळ गिटार वाजवायचा. ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून त्यानं एक जुना अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, घेतला होता. पुढे काचेच्या खिडकीत एक व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसला, चालू केला की नारिंगी पेटणारा. मागे मात्र सगळा कॉम्प्युटरचा कारभार, छोटा पडदा, बटणं. त्यात हवे तसे आवाज घडवून नावानिशी साठवता यायचे. खरखरत होता, म्हणून दादा तो घेऊन नानांकडे गेला.

नानांनी व्हॉल्व्हचे पाय घासले, परत बसवला, खरखर गेली. मग ते कौतुकानं त्या नळीकडे आणि संशयानं मागच्या बोर्डाकडे बघत म्हणाले, "ही बया माझ्या वळखीची हाय. फुटली तर दुसरी बशिवता येती. पर ह्या हिरव्या पाटीचं काय सांगता येत न्हाई. निल्या, लेका, बैल आणि ट्रॅक्टर एकाच जूला जुपलायस तू."

झाकण लावण्याआधी त्यांनी आतल्या बाजूला बॉलपेननं तारीख घातली आणि लिहिलं, 'व्हॉल्व्हचे पाय साफ केले.' त्यांनी उघडलेल्या प्रत्येक वस्तूत असं लिहिलेलं असे. मी विचारलं, हे कोण वाचणार?

"म्होरला मिस्त्री," नाना म्हणाले. "त्याला कळाया पायजे, आधी कुणी काय केलंय. माणूस मेला तरी दुरुस्ती चालू ऱ्हाती, पोरी."

त्यानंतर दादा सुट्टीच्या दिवशी अँप उचलून दुकानातच जाऊन बसायचा. त्यानं घडवलेल्या आवाजांना त्यानं नावं दिली होती, पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ती उमटायची: पत्रा, बोगदा, कंपनी. आणि एक नुसतं 'आई'. आई आम्हाला झोपवताना जे गुणगुणायची त्या चालीसाठी त्यानं तो आवाज कित्येक महिने घासूनपुसून बसवला होता. मऊ, किंचित घोगरा, शेवटाला हलकेच विरणारा. दादा तो लावायचा तेव्हा नाना हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवायचे. एवढा मान त्यांनी दुसऱ्या कशालाच दिलेला मी पाहिला नाही. कान इतका तयार की दोन नटांमधली ढिलाई त्यांना आवाजात कळायची. दादानं एकदा गंमत म्हणून त्या आवाजात एकच बटण केसभर फिरवलं, तर नाना न बघता म्हणाले, "आईला सर्दी झाली का रं?"

दादा फर्स्ट शिफ्टला जाताना कुरुळीच्या वळणावर गेला. मागून ट्रेलर. एवढंच आम्हाला कळलं, आणि त्याहून जास्त मी विचारलंही नाही.

पुढची दोन वर्षं रविवारी सकाळी मी अँप लावायचे. मला जेमतेम वाजवता यायचं, पण आवाज त्याचा होता. आई ओट्यापाशी पाठ करून उभी राहायची, भाजी चिरायची, आणि 'आई' लागला की तिची सुरी थांबायची. यावर आम्ही कधी बोललो नाही. पण एखाद्या रविवारी मी उशिरा उठले तर ती अँपवरची धूळ पुसून ठेवायची, म्हणजे मला कळावं.

एका रविवारी बटण दाबलं. व्हॉल्व्ह पेटला, पण पडदा काळाच. आवाज नाही.

नानांनी नेहमीसारखा अँप उचलून वास घेतला. पुन्हा घेतला. मग खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मला भीती वाटली.

"ह्याला वासच न्हाई," ते म्हणाले. "जळलेलं कळतं, पोरी. हे नुसतंच गप झालंय."

आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, ते मॉडेल बंद झालंय, बोर्ड मिळणार नाही, आतला नकाशा आम्ही बाहेर देत नाही. नवीन घ्या. नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, वस्तू तुमी केली ना? मग तिच्या आत काय हाय ते सांगाया लाज कशापायी वाटती?" पलीकडून फोन ठेवला गेला. नानांनी फोन माझ्या हातात परत दिला. "जी वस्तू खोलता येत न्हाई," ते म्हणाले, "ती आपली नसतीच. आपुन नुसतं तिला सांभाळतो."

मी त्यांना सांगितलं, नाना, अँप गेला तरी चालेल, पण दादाचे आवाज आत आहेत. तेवढे परत द्या.

"देतो," ते म्हणाले. असा शब्द ते कुणाला देत नसत. "बगू" म्हणत. मला मात्र "देतो" म्हणाले.

तीन महिने ते त्या बोर्डाच्या मागे होते. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून मुंगीएवढे भाग तपासायचे. वहीत स्वतःच नकाशा काढायचे, खोडायचे. डोळ्यातून पाणी वाहायचं. दुसरी कामं पडून राहिली. गिऱ्हाइकं कटकट करून वस्तू परत नेऊ लागली. मी म्हटलं, नाना, राहू द्या आता. तर चिडून म्हणाले, "त्यो माझ्या दुकानात बसून वाजवायचा. मला बी ऐकायचंय की गं."

मग एक दिवस दुपारी मी माझ्या कंपनीत कामावर असताना त्यांचा फोन आला. "पेटला! पडदा पेटला!" मी शिफ्ट सुटल्या सुटल्या धावत गेले. नानांनी दाढी केली होती. गिटार जोडून ठेवली होती. मी पडद्यावर नावं शोधायला लागले. पहिलं नाव अनोळखी. दुसरं अनोळखी. पत्रा नाही, बोगदा नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यापासून गेले. सगळे कारखान्यातून येताना असतात ते आवाज होते. चकचकीत, कुणाचेही नसलेले.

"नाना, आई कुठंय?"

काय झालंय ते नानांना कळेना. म्हणाले, दोन दिवस दे. ताथवड्याच्या कॉलेजात शिकवणारे एक सर त्यांच्याकडे रेडिओ घेऊन यायचे, त्यांना जाऊन भेटले. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दुकानात दिवा लावलेला नव्हता. नाना स्टुलावर बसून होते. समोर टेबलावर गोळीएवढा एक चपटा सेल ठेवलेला.

"ह्यो बोर्डावर व्हता," ते म्हणाले. "गळाया लागला व्हता. त्याच्या पाण्यानं रेघा खाल्लेल्या. म्हणून म्या काढला, साफ केलं, नवा बशिवला. सर म्हणाले, आठवण ह्याच्याच जिवावर व्हती. सेल काढायच्या आधी बाहेरून करंट द्यायला हवा व्हता, मग ऱ्हायलं असतं. म्या दिला न्हाई. मला ठावं नव्हतं. म्या काढला आन् समदं पुसलं गेलं."

मला यातलं काहीच कळत नव्हतं. बोर्डच खराब होता, आवाज आधीच गेले होते, असं त्यांनी सांगितलं असतं तर मी मान डोलावून घरी गेले असते. त्यांना रागाचं एक अक्षर ऐकावं लागलं नसतं. पण त्यांनी अँप उलटा करून झाकणाची आतली बाजू दाखवली. जुन्या ओळीखाली नवी ओळ होती: 'सेल काढला. आतली आठवण गेली. चूक माझी. बबन.'

आज मी स्वतःला विचारते, दोन वर्षांत ते आवाज दुसरीकडे उतरवून ठेवायचं मला का सुचलं नाही? एका केबलचं काम होतं. चूक कुणाची म्हणायची तर माझी आधी. पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर फक्त ओट्यापाशी पाठ करून उभी राहिलेली आई होती. मी म्हणाले, "नाना, जमत नव्हतं तर तुम्ही हात लावायला नको होता."

चाळीस वर्षं हातांच्या कसबावर जगलेल्या माणसाला मी हे म्हणाले. नानांनी मान हलवली. "खरं हाय," एवढंच म्हणाले. अँप रिक्षापर्यंत स्वतः उचलून आणून दिला.

पुढच्या रविवारी आईनं अँपवर चादर टाकली.

त्यानंतर नानांनी बोर्ड असलेली एकही वस्तू घेतली नाही. आणि हल्ली बोर्ड नसलेली वस्तू येतेच कुठे? कुणी काही घेऊन आलं की ते लांबूनच म्हणत, "ह्यातलं मला कळत न्हाई." वास घेण्यापुरतंही उचलत नसत. हे मला गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्यानं सांगितलं, कारण मी त्या गल्लीतून जाणं सोडलं होतं. वर्षभरात दुकान बंद झालं. नानांची बायको, आमच्या काकू, आधीच गेलेल्या. नाना कुरुळीला मंगलकडे, त्यांच्या मुलीकडे राहायला गेले. भेटायला जायचं रोज मनात यायचं. पण कुरुळीला जायचं म्हणजे त्या वळणावरून जायचं. मी ओव्हरटाइमची कारणं स्वतःलाच सांगत राहिले.

तेवढ्या काळात मी एक केलं. चादर काढून 'आई'चा आवाज परत बसवायला घेतला. आठवून आठवून, बटण इकडे, बटण तिकडे. सात-आठ महिने. जवळ यायचा, निसटायचा. शेवटी अशा एका जागी आला की मला वाटलं, हाच. त्याच आठवड्यात पानवाल्यानं सांगितलं, नानांचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय.

मी रिक्षात अँप आणि गिटार घालून कुरुळीला गेले. वळणावर डोळे मिटून घेतले. वाटेत ठरवलं होतं, खोटं बोलायचं.

नाना खाटेवर उशांना टेकून बसले होते. निम्मे झाले होते. मंगलताईनं ओळख सांगायच्या आत म्हणाले, "निल्याची बहीण."

"नाना, सापडले," मी म्हणाले. "दादानं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. सगळे आवाज परत घातले मी. काहीच गेलं नव्हतं."

त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला रडू आलं. मंगलताईला म्हणाले, "त्यो बाहेरचा टीव्ही बंद कर." मी अँप लावला. व्हॉल्व्ह नारिंगी होईपर्यंत थांबले. मग मी आईची चाल वाजवायला सुरुवात केली.

पहिली ओळ संपायच्या आधीच त्यांचा चेहरा परत उतरला. तरी त्यांनी मला थांबवलं नाही. पूर्ण ऐकलं.

"पोरी," ते म्हणाले, "ह्यो त्यो न्हाई."

माझी बोटं तारांवरच होती.

"लय मेहनत केलीस. पर ह्यो त्यो न्हाई. आता बंद कर."

मी स्विच बंद केला. मंगलताई चहा टाकायला आत गेली. नाना वर पत्र्याकडे बघत होते. त्यांना श्वास पुरत नव्हता. मला वाटलं झोपले. मग तसंच वर बघत त्यांनी विचारलं, "राग हाय का गं अजून?"

"नाही नाना," मी म्हणाले. "कधीच गेला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काही वाजवलं असतं तर खरं-खोटं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. या वेळी ते काहीच बोलले नाहीत. डोळे मिटले आणि हात पांघरुणाखाली घेतले.

एकोणीस दिवसांनी मंगलताईचा फोन आला. राग गेला या माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता का, हे मी तिला विचारू शकले नाही. आणि मी तेव्हा खरं बोलले होते का, हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही.