पुढचा बंपर

माझा स्वभाव तापट आहे, हे मला मान्य आहे. बायकोला तर ते लग्नाच्या आठव्या दिवसापासून मान्य आहे. पण धाकट्या भावाशी मी अकरा वर्षं अबोला धरला, तो काही नुसत्या तापटपणापायी नाही. त्याला सबळ कारण होतं. त्याने माझ्या गाडीचा पुढचा बंपर काढून नेला होता.

गाडी मुळात वडिलांची. पांढरी ॲम्बॅसेडर. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. मंगळवार पेठेतलं घर माझ्याकडे, जुळे सोलापुरातली जागा त्याच्याकडे, भांडी निम्मी निम्मी. गाडी थोरल्याकडे राहू दे, असं मामांनी सुचवलं. भाऊ म्हणाला, "राहू दे की. पण पुढचा बंपर माझा हाय."

ते खरंही होतं. कॉलेजात असताना गाडी शिकता शिकता त्याने ती दूधकेंद्राच्या कट्ट्यावर घातली होती. वडील महिनाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरा बंपर आणला आणि स्वतःच्या हाताने बसवला. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही त्या बैठकीत मी म्हणालो, "एवढा तुझा असला तर घेऊन जा."

गेला की! उठला, डिकीतून पाना काढला, तोही माझ्याच डिकीतून, आणि मामांचा चहा संपायच्या आत बंपर जमिनीवर. स्कूटरवर आडवा बांधून निघाला तेव्हा तो दोन्ही बाजूंना इतका बाहेर आला होता की गल्लीतली माणसं ओट्यावर चढून उभी राहिली. मी मागून ओरडलो, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." त्याने ते तंतोतंत पाळलं. नात्यातल्या लग्नाकार्यात दिसायचा, पण पंगतीत लांब बसायचा, आणि माझं लक्ष गेलं की ताटात बघायचा. ही गुर्मी आहे असं मी ठरवून टाकलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि माझ्या डोक्याला काम उरलं नाही. अशात गावातल्या काही हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांची फेरी काढायचं ठरवलं. मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. इंजिन ठणठणीत होतं, रंग मी दोन वर्षांपूर्वी दिला होता. पण मागच्या बंपरवरचा क्रोम पोपडे धरून सुटला होता, दिव्यांभोवतीच्या रिंगा आणि बाजूच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, आणि पुढून गाडी कवळी काढून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एक प्लेटिंगवाला आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. त्याच्याकडे बँडवाल्यांची वाद्यं येतात, मोटरसायकलची सायलेन्सरं येतात, कुणाकुणाच्या देवघरातल्या प्रभावळी येतात. मी मागचा बंपर, रिंगा, पट्ट्या असं सगळं एका जुन्या चादरीत बांधून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने गाठोडं उलगडलं, बंपरवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जोडीदार कुटं हाय?"

"पुढचा नाही. नंतर बघू."

"इल्ला री," म्हणजे नाही हो, आणि त्याने मानही हलवली. "जोडीनंच करतो मी. एकाच दिवशी, एकाच हौदात. एक आज केला, एक पुढल्या महिन्यात केला, की एक निळसर दिसतंय, एक पिवळसर. मग लोक गाडीला हसत न्हाईत सर, मला हसतेत."

मी सांगितलं, मी कुणाला तुमचं नाव सांगणार नाही. तो म्हणाला, सोलापुरात दुसरा कोण करतोय, न सांगता कळतंय. शेवटी माझ्या गळेपडूपणाला कंटाळून त्याने मागच्या बंपरचा जुना क्रोम उतरवायला घेतला. चार दिवसांनी गेलो तर बंपर सोलून भिंतीला टेकवलेला. आतलं उघडं लोखंड दिसत होतं, वडिलांच्या वेळचे पोचेसुद्धा मोजता येत होते. त्यावर तेलाचा हात फिरवत तो म्हणाला, "आठ दिवस ठेवतो असा. तेवढ्यात जोडी आणा. पुढं गंज धरतंय, मग माझ्यावर येऊ नका."

आता सरळ मार्ग एकच होता. भावाच्या दारात जायचं आणि बंपर मागायचा. पण तो मार्ग सोडून बाकी सगळे मार्ग मी पालथे घातले. माणूस हट्टाला पेटला की त्याला मंद्रूपही जवळ वाटतं. तिथे कुणाच्या तरी मळ्यात एक मेलेली ॲम्बॅसेडर पडली आहे, असं कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे. गाडीत कोंबड्या राहत होत्या. पुढचा बंपर गाडीला नव्हता. तो गोठ्यापाशी जमिनीत अर्धा पुरून खुंटा केलेला होता, आणि त्याला एक म्हैस बांधलेली होती.

मालक म्हातारा होता, भला होता. म्हणाला, "द्यायला काय बी न्हाय, सायेब. पर म्हस लई नाठाळ हाय. दुसऱ्या खुट्याला ऱ्हातच न्हाय. ह्यालाच अंग घासती." बंपरचा वर राहिलेला भाग खरोखर चकचकीत होता. प्लेटिंगवाल्यालाही अशी झळाळी साधली नसती. मी म्हशीकडे पाहिलं, म्हशीने माझ्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणीच माघार घेण्यातलं नव्हतं, पण शिंगं तिला होती. चहा घेऊन परत आलो.

मग एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइप वाकवून बंपर करून घेतला. तो गाडीपुढे धरून पाहिल्यावर बायको म्हणाली, "जिन्याचा कठडा छान झालाय." अजून तो गच्चीत आहे.

सातव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी जुळे सोलापूरला निघालो. रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो: फेरीपुरता दे, परत करतो. यात विनंती नाही, उपकार नाही, माफी तर नाहीच नाही. पण खरं सांगायचं तर आसरा चौकाच्या पुढे गेल्यावर मी दोनदा गाडी कडेला घेतली. तो नाही म्हणाला तर? दार लावून घेतलं तर? मग भाऊ कायमचाच गेला असता, आणि ते मला परवडणारं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, अबोला मी धरलाय, मनात येईल तेव्हा सोडीन. त्याने दारातून परत पाठवलं की हा आधारही जाणार होता.

दार त्यानेच उघडलं. बनियन, खांद्यावर पंचा, केस माझ्याइतकेच पांढरे. मला पाहून त्याचा चेहरा उतरला, राग आलेल्या माणसाचा नव्हे, शाळा तपासणीला साहेब आल्यावर मास्तरांचा होतो तसा.

"बंपरसाठी आलास?" त्याने विचारलं.

माझं घोकलेलं वाक्य तिथेच बाद झालं. मी नुसतं हो म्हणालो.

"आत ये. बस आधी. पाणी घे." मी बसलो. पाणी घेतलं. तो मात्र उभाच. मग एका दमात म्हणाला, "न्हाय तो. विकला मी."

"कधी?"

"नेला त्याच्या आठव्या दिवशी. रागात होतो. भंगारवाला दारात आला, दिला वजनावर. त्या पैशाची शेंगाचटणी आणली. आणि ती काय घशाखाली उतरंना. दुसऱ्या दिवशी सकाळी पळत गेलो त्याच्याकडं, तर माल गाडीत भरून गेलेला."

मी ताडकन उठलो. आवाज इतका चढला की समोरच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला. "वडिलांच्या गाडीचा बंपर चटणीत घातलास? लाज नाही वाटली तुला?"

"वाटली की," तो म्हणाला. "वाटली म्हणून तर आलो न्हाय. दर दिवाळीला निघायचो. म्हणायचो, आज जातो. पण तू पहिल्यांदा बंपरच मागणार. मग काय सांगू तुला? अजून वाटतीये की."

मी खाली बसलो. मला फार वाईट वाटलं. गुर्मी म्हणून ज्याच्यावर मी अकरा वर्षं दात खाल्ले, तो माणूस पंगतीत मान खाली घालून बसत होता कारण त्याला माझी भीती वाटत होती. माझ्या पाठच्या भावाला, माझी. आईने आम्हाला एका ताटात जेवू घातलं होतं. मी डोळे पुसले, त्यानेही पुसले, एकाच पंच्याला. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली आणि अगदी सहज म्हणाली, "भावजी, साखर कमी घातलीये. ताई म्हणाल्या, तुम्हाला शुगर निघालीये."

म्हणजे जावाजावांचं बोलणं चालूच होतं! घरी येऊन बायकोला विचारलं, "बंपर विकल्याचं तुला माहीत होतं?"

"नऊ वर्षं झाली," ती भाजी निवडत म्हणाली. "त्याचं नाव काढलं की तुम्ही ताट सरकवायचात. मी काय रोज उपाशी ठेवू का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्लेटिंगवाल्याकडे गेलो. भावाने आत शिरताच सांगून टाकलं, "पुढचा बंपर मी विकला." प्लेटिंगवाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मोजे चढवले. म्हणाला, "मग तुलना करायला दुसरा न्हायच की. देतो करून." आणि त्याने तो एकटा बंपर हौदात सोडला. मधे एकदा वर काढला तेव्हा तो लालभडक तांब्याचा झालेला पाहून भाऊ घाबरून ओरडला, "अहो, गंजला!" प्लेटिंगवाल्याने कपाळाला हात लावला. ते तांब्याचं अस्तर असतं, त्यावर निकेल चढतं आणि मग क्रोम, हे त्याने आम्हाला दोन भाषांत समजावलं. तरी शेवटी बंपर बाहेर निघून त्यात आमची दोन तोंडं दिसेपर्यंत भाऊ काही हौदापासून हलला नाही.

फेरीच्या दिवशी होम मैदानावर सगळ्या गाड्या जमल्या. आमची मागून नवरीसारखी, पुढून मोकळी. कसलाही खोटा बंपर लावायचा नाही, हे भावाचंच म्हणणं. मी गाडी चालवत होतो, तो शेजारी, दोघी जावा मागे. निघायच्या आधीच एका पोराने वाकून पाहिलं आणि विचारलं, "चाचा, आगे का बंपर किधर गया?"

मी काहीतरी सावरून सांगणार, तोवर भावाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मैने बेच दिया!"

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. सात रस्त्याला एका पोलिसाने नुसतं गाडीकडे पाहिलं, तर याने त्याला सांगितलं. रसवंतीपुढे उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं. फेरीचे फोटो काढणाऱ्या माणसाला तर चटणीसकट सांगितलं. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं आणि ज्यांचं लक्षही नव्हतं त्यांना हाका मारून सांगितलं. मागच्या सीटवर दोघी पदर तोंडात धरून हसत होत्या. माझे कान तापले.

"आता पुरे," मी म्हणालो. "सगळ्या सोलापूरला कळलं."

"कळू दे की, दादा," तो म्हणाला. "अकरा वर्षं कुणाला सांगायची सोय नव्हती."

पुढच्या चौकात पोलीस हात हलवून लवकर चला म्हणत होता, तरी मी गाडी हळू केली. भावाच्या खिडकीच्या बाजूला बरीच माणसं उभी होती.