बाप्टिस्टांच्या छापखान्यात दिवाळी अंक

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची मी संपादक आहे. हे पद मला कोणी निवडून दिलेलं नाही. एका मीटिंगला मी उशिरा पोचले, तोपर्यंत ठराव होऊन गेला होता. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावात मराठी घरं भरपूर, लिहिणारेही भरपूर, पण प्रूफं तपासायची म्हटलं की सगळ्यांना नेमका ऑफिसचा ऑन-कॉल असतो. तरी काम मला आवडतं. एकच गोष्ट वर्षानुवर्षं खुपत होती, ती म्हणजे वार्षिक राशिभविष्य.

ते लिहायच्या आमच्या काकू. काकू संधिवाताच्या डॉक्टर, आता निवृत्त. आयुष्यभर अमेरिकन लोकांचे सांधे दाबून पाहिले आणि निवृत्तीनंतर शनी-मंगळाची नाडी बघायला बसल्या. मला याचा मनापासून राग यायचा. दर वर्षी मी कमिटीत सांगायचे, की शिकल्यासवरल्या माणसांचा अंक आहे, हे पान बंद करा. कमिटी शांतपणे ऐकून घ्यायची आणि पान तसंच राहायचं, कारण अंक हातात पडला की सगळे आधी तेच उघडतात. माझं संपादकीय कोणी वाचल्याचं मला आजतागायत कळलेलं नाही.

मागच्या वर्षी आमचा नेहमीचा प्रिंटर दुकान विकून फ्लोरिडाला निघून गेला. ऑनलाइनवाल्यांची तारीख थेट दिवाळीनंतरची निघाली. शेवटी ऑफिसातल्या एकाने एक पत्ता दिला: दीड तासाच्या ड्राइव्हवर, रताळ्यांच्या शेतांमध्ये, एका पांढऱ्या चर्चच्या मागे पत्र्याचा छापखाना. तिथून एक पाक्षिक निघतं आणि ते चालावं म्हणून बाहेरची कामंही घेतात. पाक्षिक कट्टर बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांचं होतं. कट्टर म्हणजे किती, हे मला दारातच कळलं. स्त्रियांनी पँट घालून आत येऊ नये, अशी पाटी होती आणि मी जीन्समध्ये.

पाक्षिकाचे संपादक स्वतःच छापत. सत्तरीपुढचे, उंच, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. त्यांनी माझ्या जीन्सकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि खुंटीवरचा एक लांबलचक एप्रन काढून माझ्या हातात दिला. "शाई लागेल, मॅम." एप्रन माझ्या घोट्यापर्यंत पोचत होता. शाईशी माझा काडीचाही संबंध येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांची अट एकच होती. आपण काय छापतोय हे समजल्याशिवाय ते छापत नसत. शेवटच्या दिवशी देव हिशेब मागेल, तेव्हा मला भाषा येत नव्हती असं सांगून कसं चालेल? म्हणून मी एक एक पान इंग्रजीत सांगायचं आणि त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करायची. अशी कडक संपादकीय तपासणी आमच्या अंकाच्या नशिबी कधी आली नव्हती. मुखपृष्ठावरचा गणपती आधी गेला. ते मूर्तीचं चित्र छापत नाहीत. त्या जागी मी दिवा सुचवला. "दिव्याची पूजा करता का?" त्यांनी विचारलं. "उजेडासाठी असतो," मी म्हणाले, जे खोटं नव्हतं. मसालेभाताची पाककृती लगेच पास झाली. लास व्हेगसचं प्रवासवर्णन पहिल्याच परिच्छेदात पडलं. एका नवकवितेपाशी मात्र मीच अडकले. काय म्हणायचंय तिला, हे मला सांगता येईना. "मग तुम्ही ती कशाच्या जोरावर घेतलीत?" त्यांनी सरळपणे विचारलं. कवी मंडळाचे खजिनदार आहेत, हे कारण मी त्यांना सांगितलं नाही.

मग आलं राशिभविष्य. हे ज्योतिष आहे, असं मी स्वच्छ सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ग्रहताऱ्यांना विचारणं त्यांच्या धर्मग्रंथात साफ निषिद्ध आहे, हे पान आपल्या हातून होणार नाही. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खाली वाकून एप्रनची नाडी सारखी केली. देव नाही म्हणणारी मी आणि देवाशिवाय काहीच नाही म्हणणारे ते, आमचं एका पानावर पूर्ण एकमत झालं होतं.

घरी येऊन काकूंना फोन केला.

"तूच कापलंस," काकू म्हणाल्या. "आणि नाव त्या गोऱ्याचं."

"काकू, खरंच. रिलिजस ऑब्जेक्शन आहे त्याचं."

काकूंनी तिकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "अगं, ती वाचते ते. ती जानेवारीत क्युपर्टिनोला चालली, मुलाकडे, कायमची. या वर्षी नाही गेलं तर मग कधी?"

ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. सगळ्या मॉरिसव्हिलला ते ठाऊक आहे. काकू आणि त्यांची मैत्रीण, दोघी तरुणपणी एकाच हॉस्पिटलात नोकरीला लागल्या, एकमेकींची बाळंतपणं केली. मग मंडळ फुटलं. गणपतीत ढोल हॉलच्या आत वाजवायचा की पार्किंग लॉटमध्ये, यावरून फुटलं. काकू बाहेरवाल्या, मैत्रीण आतवाली. तेव्हापासून दोन गणपती, दोन दिवाळ्या आणि दोघींचं बोलणं बंद. मैत्रिणीच्या घरी आमचा अंक मात्र कोणाच्या तरी हातून जातो आणि तिची रास वृश्चिक. काकू दर वर्षी बाकीच्या अकरा राशी नावापुरत्या लिहायच्या.

"मला घेऊन चल त्याच्याकडे," काकू म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी काकू इरकल साडी नेसून गाडीत बसल्या. दारातली पाटी त्यांनी वाचली आणि माझ्या जीन्सकडे बघून "बरोबर लिहिलंय" म्हणाल्या. संपादकांनी उठून त्यांना खुर्ची दिली. मला एप्रन दिला.

काकूंनी आपल्या पानाचा विषयच काढला नाही. "तुमच्या पेपरबद्दल सांगा," एवढंच म्हणाल्या, पेशंटला कधीपासून दुखतंय विचारावं तशा. आणि ते बोलू लागले. पाक्षिक त्यांच्या वडिलांनी सुरू केलं. वडील गावोगाव तंबू ठोकून प्रवचनं करत. ज्या मोठ्या पंथाचे ते होते, त्याच्या कॉलेजांतून धर्मग्रंथातल्या काही गोष्टी रूपकं आहेत असं शिकवायला लागले, तेव्हा वडील बाहेर पडले आणि त्यांनी पेपर काढला. ग्रंथातलं अक्षर न् अक्षर खरं, तेही चारशे वर्षांपूर्वीच्या त्या एकाच इंग्रजी अनुवादातलं. दारू नाही, सिनेमा नाही, नाच नाही. पहिल्या पानावर प्रवचन. आतल्या पानांवर कोणकोणते धर्मोपदेशक घसरले त्यांची नावानिशी खबर. शेवटच्या पानावर प्रार्थनेच्या विनंत्या: कोण आजारी, कोणाचं ऑपरेशन. जगाचा शेवट जवळ आलाय, असं प्रत्येक अंकात असे आणि त्याच्याच खाली पुढच्या वर्षाची वर्गणी वेळेत भरावी अशी सूचना.

"आधी आम्ही चुकणाऱ्यांपासून वेगळे झालो," ते म्हणाले. "मग जे चुकणाऱ्यांपासून वेगळे होत नव्हते, त्यांच्यापासूनही वेगळं व्हावं लागलं."

मला वाटलं आता काकूंना हे समजावून सांगावं लागणार. काकूंनी नुसती मान हलवली. "आमच्याकडेही तसंच. त्यांच्या गणपतीला जाणाऱ्यांना आम्ही हळदीकुंकवाला बोलवत नाही. आणि दोन्हीकडे जाणाऱ्यांना तर दोन्हीकडचे बोलवत नाहीत."

हळदीकुंकू म्हणजे काय, हे संपादकांनी विचारलं नाही. त्यांना मुद्दा पोचला होता. "कशावरून झालं?"

"ड्रमवरून."

ते एकदम ताठ बसले. "आत वाजवण्यावरून?"

"आत. मी बाहेर म्हणत होते."

"तुमचं बरोबर होतं, मॅम," ते गंभीरपणे म्हणाले. काकूंची बाजू इतक्या वर्षांत इतक्या ठामपणे कोणीच घेतली नव्हती आणि घेतली ती कोणी, हे बघून मला हसू आवरेना.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. धाकटा भाऊ समुद्रकाठच्या एका गावात धर्मोपदेशक होता. त्याने आपल्या चर्चमध्ये ड्रम आणला. संपादकांनी आतल्या पानावर त्याचं नाव छापलं, जसं दुसऱ्या कोणाचंही छापलं असतं तसंच. तेव्हापासून बोलणं नाही. त्यांच्या पेपरचे वाचक दोनच कारणांनी कमी होत गेले होते: काही देवाघरी जात आणि उरलेल्यांना संपादक स्वतःच दूर करत. भाऊ मात्र दर वर्षी वर्गणी भरतो. त्याच्या अंकावर पत्त्याचं लेबल ते स्वतः चिकटवतात.

"म्हणजे वाचतो," काकू म्हणाल्या.

"वाचत असावा."

आता काकूंनी पिशवीतून आपलं पान काढलं आणि वृश्चिक राशीच्या ओळी स्वतःच इंग्रजीत सांगितल्या. डाव्या गुडघ्याकडे दुर्लक्ष नको. जिने टाळावेत. हट्टाने एकटीने सामान बांधू नये. जुनी माणसं जवळच राहतात, हे ध्यानात ठेवावं.

संपादकांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. "यात तारे कुठे आहेत?" ते म्हणाले. "हा तर चांगला सल्ला आहे. राशी काढून टाका, मी आत्ता छापतो."

"राशी काढल्या तर ते माझं बोलणं होईल," काकू म्हणाल्या. "माझ्याशी ती बोलत नाही. ग्रहांचं ऐकते."

संपादकांनी बराच विचार केला. ते धर्मसंकटात पडलेत हे दिसत होतं आणि मला त्यांची दया आली, जरी आठच दिवसांपूर्वी याच संकटाच्या भरवशावर मी नाचत घरी गेले होते. शेवटी ते म्हणाले, "ज्योतिष मी छापणार नाही. पण ते पान मी कोरं सोडू शकतो. कोरा कागद पाप नाही."

अंक छापून आला तेव्हा मधलं एक पान स्वच्छ पांढरं होतं. काकूंचं भविष्य मी घरच्या प्रिंटरवर काढलं आणि काकूंच्या डायनिंग टेबलावर बसून आम्ही दोघींनी ते प्रत्येक अंकात ग्लू स्टिकने चिकटवलं. स्वतःला विवेकवादी म्हणवणाऱ्या मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. काकू चिकटवताना म्हणत होत्या, "सरळ लाव गं, मीन कलंडली." मी सरळ लावत होते. कोणी मला पाहिलं असतं तर हे खजिनदारांच्या कवितेचं शुद्धिपत्र आहे, असं मी सांगितलं असतं.

दिवाळी झाली. काकूंचा फोन येईना, म्हणून मीच धसका घेऊन त्यांच्याकडे गेले. काकू सोफ्यावर कोणाशी तरी फोनवर भांडत होत्या. मला हाताने बसायची खूण केली. बोलणं बराच वेळ चाललं होतं, आवाज चढत होता, मधेच हसणं होत होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"तीच. भविष्य साफ चुकलंय म्हणाली. दुखतोय तो खुबा आहे, गुडघा नाही. कसली डॉक्टर तू, म्हणाली."

"असू दे हो काकू, चुकतं कधीकधी."

"चुकतं?" काकू माझ्यावरच उखडल्या. "अगं, इंडियन ग्रोसरीत तिला लांबून चालताना बघितलं मी. खुबाच आहे, आंधळ्यालाही कळेल. पण बरोबर लिहिलं असतं तर वाचून गप्प बसली असती, इतकी वर्षं बसली तशी. माझी चूक मात्र तिला कधी सहन झालेली नाही."

मला काकूंचा अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. शनी-मंगळाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण पान बंद करायचा ठराव मी आता मांडत नाही.

डिसेंबरात मंडळाच्या संक्रांतीच्या आमंत्रणपत्रिका घेऊन मी पुन्हा छापखान्यात गेले. या वेळी स्वतःहून स्कर्ट घालून गेले. तरी त्यांनी एप्रन दिलाच. संपादक पुढच्या अंकाची प्रूफं बघत होते. माझी पत्रिका बाजूला ठेवून त्यांनी आधी विचारलं, "त्या बाईंचं काय झालं? मैत्रिणीने वाचलं?"

मी सगळं सांगितलं. खुबा, गुडघा आणि फोन.

"म्हणजे त्यांनी मुद्दाम चुकीचं लिहिलं."

"हो."

"आणि म्हणून फोन आला."

"म्हणूनच आला."

त्यांनी प्रूफं पुन्हा पुढे ओढली. त्यांच्यासमोर शेवटचं पान होतं, प्रार्थनेच्या विनंत्यांचं. त्यात तळाशी एक छोटी नोंद होती, नाव नसलेली: समुद्रकाठी राहणाऱ्या एका बंधूसाठी प्रार्थना करावी, त्याचा लहानपणी दुखावलेला उजवा गुडघा थंडीत त्याला त्रास देतो. त्यांनी पेन्सिल घेतली, 'उजवा' हा शब्द खोडला, वर 'डावा' लिहिलं आणि पानाच्या कोपऱ्यात पास झाल्याची खूण केली.

"डावा आहे का?" मी विचारलं.

"उजवा," ते म्हणाले. "झाडावरून पडला तेव्हा खाली मीच उभा होतो."