कोमट पाणी

बायकोलासुद्धा न सांगितलेली गोष्ट लिहितो आहे. डॉक्टर लाजवंतीबाईंचं औषध मी मारलं.

उल्हासनगरच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात मी ब्रदर होतो. हगवण लागलेलं बाळ आलं की बाई आईजवळ जमिनीवरच बसायच्या. “अरे साईं, रिपोर्ट बाद में. पहिले लंगोट दाखव!” लंगोटाचा वास घेत, रंग बघत, नाक न मुरडता. मी पालेगावचा, घरी गाय. म्हणून मला हाक मारायच्या ‘गायवाल्या’.

त्यांनी एक नवं औषध आणवलं होतं. गाभण गायींना या हगवणीच्या विषाणूची लस द्यायची आणि व्यायल्यावर त्यांच्या चिकाची पावडर करायची. “गाय वासराला पहिल्या दुधातून पहारेकरी देते,” त्या म्हणायच्या. “ते आपण आपल्या पोरांच्या पोटात बसवायचे. समझा?” सलाइन, साखरमिठाचं पाणी सगळ्यांनाच चालू असे. वर चाचणी म्हणून निम्म्या मुलांना हे औषध, निम्म्यांना तशाच पुडीतून साधी दूधपावडर. कुठल्या पुडीत काय, हे आम्हाला कळत नसे. कालवायचं काम माझं. “कोमट पाणी हं, गायवाल्या.”

तेव्हा नळाला गढूळ पाणी यायचं. आयांना ‘उकळा, उकळा’ सांगून माझ्याच डोक्यात तेवढंच उरलं होतं. मी उकळत्या पाण्यात पुडी कालवायचो आणि निवलं की पाजायचो. काही वाट्यांत गाठी व्हायच्या. त्या मी गाळून टाकायचो. घरी खरवस करणाऱ्या मला चीक गरमीने थिजतो हे ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल?

एकदा एक सिस्टर गरम पाणी घेऊन आली तेव्हा बाई कडाडल्या, “पहारेकऱ्यांना उकळून मारतेस?” माझ्या हातात गाळणी होती. त्या दिवसापासून मी कोमट पाणी घेऊ लागलो, पण बहुतेक मुलं तोवर बरी होऊन घरी गेली होती.

निकाल आला: दोन्हीकडे फरक नाही. बाईंनी मला खोलीत बोलावलं. “गायवाल्या, पाणी कोमटच होतं ना?”

“हो, मॅडम.”

“मग माझंच चुकलं, बाबा,” म्हणाल्या आणि मला चहा मागवला. मी तो प्यायलो.

पुढे कुणी शिकाऊ डॉक्टरने त्या औषधाचं नाव काढलं, की त्या हात झटकायच्या. “मी करून बघितलं. नाही होत.” गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांची सून आता तोच दवाखाना चालवते आणि तीही हेच सांगते. बाईंचं औषध चालतं की नाही, हे कुणालाच कळलेलं नाही, कारण बहुतेक मुलांना मी ते धड पाजलंच नव्हतं. एवढं तिच्यासमोर उभं राहून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.